टोपलीखालचं पीठ

इंद्रभानमामा मेले त्या दिवशी अर्धं अमडापूर रडाले नाई आलं, पाहाले आलं. देव न मानणाऱ्या माणसाचं मढं कसं दिसते, ते पाहाले. दिसन कसं? नाकात कापूस, अंगावर चादर. लोकायची मोठी निराशा झाली.

साल चौसष्टचं, उन्हाळा. मिरचीले पाणी देता देता मामाच्या छातीत कळ आली अन् वाफ्यातच गेले. मांगं राह्यल्या कौशल्यामामी अन् सुलतानपुरात दिलेली पोरगी कोकिळा. पोरगा नाई. अन् मोठे भाऊ हिंमतराव, देवळाचे पंच, कपाळावर हा एवढा गंध.

मामाले गावात 'इटलीवाला' म्हणत. लढाईच्या टायमाले ते पलटणीत भरती झाले होते. हातात बंदूक कमी, आलू सोलायची सुरीच जास्त. पलटण इटलीत गेली, तिथं एका डोंगरावरच्या खेड्यात दोन मयने मुक्काम पडला. तिथं पाह्यलेलं त्यायले वीस वर्षं सांगाले पुरलं. बाजारात वांगे तोलता तोलता सांगत.

"एक म्हतारा सुतार मेला तिथं. जिंदगीत चर्चात गेला नाई. मरतानी सांगून गेला, पादरी नको. गावानं पेटी खांद्यावर घेतली अन् नेऊन पुरला. पादरी आपल्या दारात उभा राह्यला, डोक्यावरची टोपी काढली अन् अंदर गेला. अन् त्याची बायको रोज चर्चात जाणारी. माळ जपत जपत पेटीच्या मांगं चालली. कोणी तिले हटकलं नाई, कोणी त्याले शिव्या दिल्या नाई."

"मंग त्या गावावर वीज नाई पडली?" शेजारचा अर्जुनराव विचारे.

"बाँब पडला. पह्यला चर्चावरच."

शाळेच्या मास्तरानं एक पुस्तक दिलं होतं, त्याच्यातूनही मामानं लय काढलं. तिकडं चार-पाचशे वर्षांखाली पादरी पापाच्या माफीच्या चिठ्ठ्या विकत. पृथ्वी फिरते म्हणणाऱ्याले म्हतारपणी घरात कोंडलं. माहा देव खरा का तुहा, याच्यापायी तीस तीस वर्षं माणसं कापली. मंग दमले. म्हणले, राज्य एकीकडं, देव एकीकडं. लग्न कचेरीत लिहा, वाटलं तं चर्चात जा, नाई वाटलं तं घरी झोपा.

हिंमतरावाले हे ऐकूनच मिरची झोंबे. "गोऱ्यायनं देव सोडला म्हणून तू बी सोडतं काय बे? उद्या ते चड्डी सोडतीन!"

"चड्डी नाई सोडली दादा त्यायनं. दुसऱ्याच्या धोतरात पाहाणं सोडलं."

सारा बाजार हासला. हिंमतरावानं ते हासणं मामा मरेपर्यंत सांभाळून ठेवलं, बाकी काही सांभाळाची अक्कल त्याले नव्हती.

मामीची मात्र घरात देवी होती. दर मंगळवारी पूजा. मामा हात जोडत नसत, पण वावरातून फुलं आणून देत. "तुही देवी, तू पाह्य," म्हणत. अन् एक दिवस डाळ निवडणाऱ्या मामीले म्हणले, "मी मेलो तं राख आपल्या वाफ्यात टाकजो. मुंडन नाई, मंत्र नाई, तेरवी नाई. तुले तुह्या जीवासाठी काय करा लागन ते कर, पण माह्या नावानं नको." मामी "हाव" म्हणल्या. असं बोलणं खरं कराची पाळी येते, हे कोणाले वाटते?

पाळी आली. तिसऱ्या दिवशी मामीनं अन् कोकिळानं राख सावडून नदीवर नाई, वावरात नेली. मामी वाफ्यात राख पसरत होत्या. देवीले मनातल्या मनात म्हणत होत्या, माय, चुकत असन तं मले धर, त्यायले नको.

"भावाचं खत केलं!" हिंमतराव चावडीवर बोंबलला. ज्या भावाले जितेपणी कधी घोटभर चहा पाजला नाई, त्याच्यासाठी आता गळा काढून राह्यला होता.

दहाव्या दिवशी संध्याकाळी तो टोपली घेऊन आला. आपल्याकडं रीत आहे. मढं जिथं ठेवलं होतं तिथं पीठ पसरतात, वर टोपली झाकतात, बाजूले दिवा. सकाळी पिठावर ज्याचं पाऊल उमटन, त्या जन्माले जीव गेला म्हणतात.

मामी आडव्या आल्या, तं हिंमतरावाची बायको सुभद्राबाई कानात म्हणली, "टोपलीच तं आहे वं. ठेवू दे त्यायले, नाई तं माह्यावर राग काढतीन."

मामीनं ठेवू देली. खरं सांगाचं तं त्यायलेही पाहाचं होतं. बावीस वर्षं ज्याच्यासंग संसार केला तो माणूस गेला कुठं, हे कोणाले नाई वाटत?

सकाळी घर लोकायनं भरलं. हिंमतरावानं टोपली उचलली. पिठात दोन-तीन खड्डे अन् एक रेघ. झुरळ गेलं असन, नाई तं वरून माती पडली असन.

"शेळी दिसते," अर्जुनराव म्हणला.

"कोंबडी आहे बाप्पा," शेजारची पुष्पाबाई म्हणली.

"कुत्रा!" हिंमतराव ओरडला. "पंजा पाहा. देव नाई मानला, गेला कुत्र्याच्या जन्माले! आता शांती करा लागन. वावरातली राख उकरून नदीत टाका लागन. अन् तेराव्याले गावजेवण."

गावजेवण म्हणल्याबरोबर शेळीही गेली अन् कोंबडीही गेली. साऱ्यायले कुत्राच दिसाले लागला. एकाले तं शेपटीही दिसली.

मामी भिंतीले टेकून उभ्या होत्या. भासऱ्यासमोर, म्हंजे नवऱ्याच्या मोठ्या भावासमोर, पदर नाकापर्यंत, त्यायच्याशी एक शब्द बोलायचा नाई, बावीस वर्षं पाळलं होतं. दहा दिवस त्या एकच गोष्ट विचारून राह्यल्या होत्या, कुठं गेले, कुठं गेले. अन् या लोकायनं घटकाभरात त्यायले कुत्रा करून टाकलं अन् जेवणात बुंदी का शिरा, याच्यावर आले होते.

मामीनं पदर मांगं सारला. परात आणली अन् खाली बसून सारं पीठ हातानं परातीत लोटलं.

"अवं, काय करून राह्यली हे?" पुष्पाबाई किंचाळली.

"दादाजी," मामी हिंमतरावाकडं पाहून म्हणल्या, अन् तो दोन पावलं मांगं सरला, जसं काही भिंतच बोलली. "जवारीचं पीठ आहे. काल मीच दळलं. कोकिळा, चूल पेटव."

पाणी टाकलं, मळलं, भाकर थापली, तव्यावर टाकली.  घरभर भाकरीचा वास सुटला.

"पापीण! त्याच्यात माहा भाऊ आहे!"

"असन तं माह्या पोटात राहीन," मामी म्हणल्या. "नसन तं भाकर आहे. तुमच्या हाती त्यायले पुन्हा देत नाई. वावरात फावडं घेऊन कोणी आलं तं मी वाफ्यात आडवी झोपन."

अन् मिठासंग खाल्ली. डोळ्यातून पाणी गळे, तरी खाल्ली. भेव लय वाटत होतं त्यायले. कोण्या घासाले देवी धरते म्हणून.

लोकं निंघाले. जेवण नाई हे कळल्यावर दुःख लवकर सरते. अर्जुनराव जातानी म्हणला, "मी तं शेळीच म्हणलो होतो." हिंमतराव दारातून बोलला, "या घरचं पाणी माह्यासाठी बंद." ज्याले कोणी पाणी विचारलंच नव्हतं, त्याचा रुबाब पाहा.

वावरात फावडं घेऊन कोणी गेलं नाई. उन्हात खणाले त्यायले जेवण लागे.

सुभद्राबाई मात्र चुलीपाशीच बसून राह्यली. बाहेरून नवरा हाका मारून राह्यला होता, "येतं का नाई वं?" तिनं ताटात उरलेल्या भाकरीचा एक तुकडा मोडला, घडीभर हातात धरला अन् तोंडात टाकला.

"मीठ दे वं जराकसं," ती म्हणली.