लेफ्टनंट आग्नेल आणि त्याला ‘घडवणारे’ आम्ही

माणूस जिवंत असताना त्याचे किस्से एक-दोनच असतात. तो लढाईत गेला, की गावभर किस्सेच किस्से! आमचा माजी विद्यार्थी आग्नेल सीमेवर गेला आणि मालवणजवळच्या आमच्या हायस्कुलात शिपायापासून हेडमास्तरांपर्यंत प्रत्येकाला काही ना काही आठवायला लागलं. मी तिथे वीस वर्षं मराठी शिकवतोय. निम्म्या थापा आहेत, हे लिहून देतो. मी डोळ्यांनी पाहिलं तेवढंच सांगतो.

*

पहिला मान आमच्या पीटीच्या सरांचा. आग्नेल नववीत असताना संचलनात त्याचा पाय चुकायचा. सरांनी त्याला सगळ्यांदेखत बाहेर काढलं. "तुझो पाय खंय, ढोल खंय! जा, टाकीकडे हुबो ऱ्हव!" त्या पंधरा ऑगस्टचं झेंडावंदन आग्नेलने पाण्याच्या टाकीकडून पाहिलं.

तो गेल्यावर चॅनेलवाली मुलगी आली. सर इस्त्रीचा शर्ट घालून सगळ्यांच्या पुढे. "त्याला पहिला सॅल्यूट मीच शिकवला!"

मुलगी म्हणाली, "सर, एकदा करून दाखवा ना."

सरांनी छाती काढली, टाच आपटली आणि कडक सॅल्यूट ठोकला. डाव्या हाताने!

*

बारावीनंतर आग्नेलला फौजेच्या अर्जासाठी वर्तणुकीचा दाखला हवा होता. हेडमास्तरांनी त्याला तीन हेलपाटे घालायला लावले. "फौज कसली घेऊन बसलास? देवगडला आंब्याच्या पेढीवर चिकटवतो तुला." आग्नेल ऐकेना, तेव्हा एकदाचा दाखला लिहिला. वर्तणूक : सर्वसाधारण.

आग्नेलने तो तिथेच उभ्या उभ्या वाचला. "थँक्यू, सर. चांगली झाली तर कळवतंय!"

कळवायला तो राहिला नाही. पण आता हेडमास्तर प्रत्येक भाषणात ‘माझा लाडका विद्यार्थी’ म्हणून रुमाल काढतात.

*

लेफ्टनंट होऊन तो पहिल्यांदा सुट्टीवर आला. पोस्टिंग कुठे, थंडी किती, कोणी विचारलं नाही. वाडीत एकच प्रश्न : "आग्नेल इलो मां? बाटले किती आणल्यान?"

त्याने स्टाफरूममध्ये अक्रोडांची पिशवी ठेवली. आमचे गणिताचे सर पिशवीत कोपरापर्यंत हात घालून खालून चाचपत होते. शेवटी निराश होऊन म्हणाले, "फक्त अक्रोड?"

*

पुढच्या सुट्टीत तो जेमतेम चार दिवस राहिला. सीमेवर लढाई पेटली आणि त्याला परत बोलावणं आलं. निरोप घ्यायला शाळेत आला, तेव्हा स्टाफरूममध्ये युद्ध जोरात चालू होतं. भूगोलाच्या सरांनी भिंतीवर नकाशा टांगून हातात पट्टी घेतली होती. "इथून घुसायचं, इथून वळायचं, दोन दिवसांत खेळ खलास! तुम्ही लोक हे करत का नाही?"

आग्नेलने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "सर, तुमीच चला माझ्यावांगडा. माका एवढा खंय कळता!"

सर नकाशा गुंडाळायला लागले. आग्नेल एकटाच कणकवलीला गेला आणि गाडीत बसला. आम्ही कोणी स्टेशनवर गेलो नाही. मीही नाही. माझे पेपर तपासायचे राहिले होते म्हणे.

*

अठरा दिवसांनी बातमी आली. त्याच्या चौकीवर तोफगोळे पडले होते. त्याने दोन जखमी जवानांना पाठीवरून खाली आणलं आणि तिसऱ्यासाठी परत वर गेला. तिथे त्याच्या पोटात गोळ्याचे तुकडे घुसले. चोविसावं चालू होतं त्याला.

ह्यात हसण्यासारखं काही नाही. हसण्यासारखं सगळं आमच्याकडे.

*

दुसऱ्याच दिवशी नाक्यावर बॅनर लागला. पुढारी मोठ्ठे, त्यांच्याखाली त्यांची पोरं, कोपऱ्यात तिकिटाएवढा आग्नेल. घाईत कोणीतरी वाढदिवसाचाच बॅनर उचलून त्यात नाव बदललं होतं. वर सोनेरी अक्षरांत : ‘वीरमरणानिमित्त हार्दिक शुभेच्छा!’

दोन दिवस तो तसाच लटकला. लोकांनी त्याच्याखाली उभं राहून फोटो काढले. वाचला कोणी नाही!

*

पाच महिन्यांनी आग्नेलच्या पलटणीतला एक हवालदार त्याच्या आईला, फिलोमिनाबायला, भेटायला आला. उत्तरेकडचा माणूस, काखेत कुबडी. कुठून कळलं कोण जाणे, तो पोचायच्या आधीच पुढारी, हेडमास्तर आणि मी असे तिघं बायच्या घरात हजर. तीनच खुर्च्या होत्या. तिन्हीवर आम्ही.

पुढाऱ्यांना नाक्यावर बसवायच्या आग्नेलच्या पुतळ्याखाली कोरायला वाक्य हवं होतं. "साहब के आखरी शब्द क्या थे?"

हवालदार म्हणाला, "अपनी बोली में बोले थे. हम में से कोई समझा नहीं. जैसा सुना, लिख लिया." त्याने खिशातून कागद काढला आणि अडखळत वाचला, "माका ऱ्हवांदे. आदी तेका घेवन जावा."

मग त्याने बायकडे पाहिलं.

"इसका मतलब, माताजी?"

बायने तोंड उघडायच्या आत पुढारी बोलले. "मतलब, देश के लिए मर रहा हूँ."

"खोटा सांगू नकात," बाय म्हणाली. "मास्तर, तुमी सांगा."

मी सांगितलं. "मुझे रहने दो. पहले उसे ले जाओ."

हवालदाराने कागदाची घडी घातली. उलगडली. पुन्हा घातली. मग बायकडे न बघताच म्हणाला, "‘उसे’ मतलब मैं था, माताजी."

बायने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. कुबडीवर तिची नजर थांबली. मग ती पुढाऱ्यांकडे वळली.

"उठा तुमी. तेका बसांदे."