नेब्रास्कातले पाटील

पाटलांचं नाक आधी उजवीकडे जायचं आणि मग विचार बदलल्यासारखं डावीकडे वळायचं. एकदा ते बापानं मोडलं होतं, एकदा मतदारानं. "बापाचं लवकर भरून आलं," ते सांगायचे. "मतदाराच्या हाताला जोर जास्त होता."

आमचे पाटील जन्मानं ऑस्ट्रेलियन. तिकडच्या कोरड्या, मेंढ्यांच्या मुलखातून विधानसभेवर कितीतरी वेळा निवडून आलेले. म्हातारपणी ते नेब्रास्कात लेकीकडे राहायला आले. लेकीचं नाव केरी; इथल्या एका गुरंवाल्याशी तिनं लग्न केलं होतं. मी त्याच गावातल्या छोट्या हॉस्पिटलात इमर्जन्सीची डॉक्टर. नागपूरहून आलेल्या डॉक्टरला व्हिसासाठी, जिथे कुणी यायला तयार नसतं तिथे नोकरी करावी लागते, तशी मी आले आणि राहिले. तिकडे पूर्वेला, मराठी माणसांनी भरलेल्या पार्सिपनीत राहणारे माझे दीर अजूनही फोनवर म्हणतात, "वहिनी, तिकडे ठेवलंय काय? इकडे शिफ्ट व्हा ना!"

'पाटील' हे नाव माझ्या नवऱ्यानं, मिलिंदनं ठेवलं. ते एकदा त्यांच्या कानावर गेलं आणि त्यांनी अर्थ विचारला. गावचा प्रमुख, मी सांगितलं.

"लोक त्याला मारतात का?"

"कधी कधी."

"मग नाव बरोबर आहे, डॉक."

मेंढ्यांची गोष्ट त्यांनी आमच्याकडे जेवताना सांगितली. तिकडे भीषण दुष्काळ पडला होता, चारा संपला होता, लोकरीला भाव नव्हता. सरकारनं मेंढ्यांना गोळ्या घालायचं ठरवलं. पाटलांनी सभागृहात बाजूनं मत दिलं आणि बंदूक घेऊन थेट मतदारसंघ गाठला. माळावर खड्डे खणलेले. शेतकरी आपापले कळप हाकत आणायचे आणि पाटील त्यांच्या खांद्याला खांदा लावून गोळ्या झाडायचे. नळी तापून तळहाताला फोड आले. खड्ड्यात काही मेंढ्या अर्धमेल्या हलत राहायच्या. मग खाली उतरायचं, मेलेल्यांवर पाय देत जायचं आणि त्यांना संपवायचं.

"ज्यानं हात वर केला, त्यानंच बंदूक धरायची," ते म्हणाले. "नाहीतर ते मत नव्हे, नुसता खांद्याचा व्यायाम."

मिलिंदच्या ताटातला मटणाचा रस्सा तसाच राहिला. पाटलांनी मात्र पुन्हा वाढून घेतला.

लोकांना काही ते आवडलं नव्हतं. ज्यांच्या मेंढ्या मारल्या त्यांच्यातल्याच एकानं दारूच्या दुकानात त्यांचं नाक फोडलं. निवडणुकीत ते आपटले. मग कुणीतरी त्यांची मेंढ्या कातरायची शेड पेटवून दिली. आत कुत्रा बांधलेला होता. त्याबद्दल ते कधी बोलले नाहीत. मला केरीनं सांगितलं.

असा माणूस शांत बसेल असं आम्हाला वाटलं, तर यांनी इथलं नागरिकत्व घेतलं आणि जिल्ह्याच्या पाणी मंडळाची निवडणूक लढवून जिंकलीसुद्धा. आमच्याकडे जमिनीखालचं पाणी खोल खोल चाललंय. काही शेतांचे पंप हंगामभर बंद ठेवायचा प्रस्ताव पाटलांनी आणला आणि तात्पुरता आदेश निघाला. पक्क्या निर्णयाची सभा व्हायची होती. तेवढ्यात त्यांच्या फाटकाला मेलेला कोल्हा टांगून झाला, पिकअपची काच फुटली. केरी म्हणाली, "डॅड, तुम्हाला मार खायची हौस आहे." ते म्हणाले, "हौस नाही, सवय."

डेल हा त्यांचा शेजारी. एकटा राहायचा, मका लावायचा, थोडी गुरं होती. त्याच्या पंपाला कुलूप लावायला मंडळाचा नोकर पाठवता आला असता, पण पाटील स्वतः गेले. कुलूप लावून वळले तेव्हा डेलनं लोखंडी पाइप घातला. आधी हातावर, मग बरगड्यांवर, मग डोक्यात. पाटील खाली पडले आणि पडल्या पडल्या डेलच्या अंगठ्याला असे चावले, की दात हाडाला लागले. तो ओरडत मागे सरला, तसे हे पिकअपमध्ये चढले आणि एका हातानं चालवत माझ्याकडे आले.

आसपास दुसरं हॉस्पिटल नाही. मी पाटलांच्या डोक्याला टाके घालत असताना पडद्यापलीकडच्या खाटेवर दुसरा पेशंट आला. नर्सनं विचारलं, काय झालं?

"कुत्रा चावला," डेलचा आवाज.

"कुठल्या जातीचा?" अलीकडून पाटलांनी विचारलं.

डेलनं पडदा कड्यांसकट ओढून काढला. मी मध्ये उभी राहिले, तर त्यानं मला ढकललं; मी ट्रॉलीवर आदळले. पाटील एक हात मोडलेला, तुटका टाका लोंबतोय अशा अवस्थेत उठले आणि चांगल्या हाताची मूठ त्यांनी त्याच्या तोंडावर हाणली. डेलचा दात फरशीवर पडला. मी आणि दोन नर्सनी मिळून दोघांना धरून ठेवलं तेव्हा कुठे पोलीस आला. "आधी डॉक्टरला सॉरी म्हण!" पाटील ओरडत होते.

डेलला पोलिसानं नेलं. पाटलांच्या स्कॅनमध्ये मेंदूत थोडा रक्तस्राव दिसत होता. मोठ्या हॉस्पिटलात न्यायला मी हेलिकॉप्टर मागवते म्हटलं. त्यांनी साफ नकार दिला.

"उद्या सभा आहे, डॉक. मी गेलो नाही तर लोकांना वाटेल, पाइपनं मत बदलतं."

"पाटील, तुम्ही मरू शकता."

"ऐकलं. पट्टी घट्ट बांध."

मी भांडले, केरी रडली, जावई दारात आडवा उभा राहिला. पाटील त्याला बाजूला सारून गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी सभेत पट्टी बांधलेल्या डोक्यानं मत दिलं, प्रस्ताव मंजूर झाला, आणि पार्किंगमध्ये त्यांना उलटी झाली. माझ्याकडे आणलं तेव्हा त्यांच्या एका डोळ्याची बाहुली पसरलेली होती. हेलिकॉप्टर उतरायच्या आत ते गेले. डेलवर खुनाचा गुन्हा लागला.

दफन झाल्यावर लोक चर्चमध्ये जेवत होते. मी केरीला शोधायला बाहेर आले, तर तिचा ट्रक डेलच्या घराकडे वळताना दिसला. सीटच्या मागे बंदूक असायचीच. शिवाय तिनं मागे टँकर जोडला होता. त्यात पेट्रोल असणार, असंच मनात आलं. "मिलिंद, गाडी काढ!" एवढंच मी म्हटलं.

आम्ही पोचलो तेव्हा ती डेलच्या गुरांच्या हौदात नळी सोडून उभी होती. यंदा इथेही पाऊस नव्हता; माळावरच्या त्या गुरांना डेल लांबून पाणी आणून पाजायचा. तो तुरुंगात गेल्यापासून हौद कोरडा होता. तहानेनं पिसाळलेली गुरं एकमेकांना शिंगं मारत हौदावर चढत होती. दफनाच्या काळ्या कपड्यात, चिखलात उभी राहून केरी त्यांच्या तोंडांवर बुक्क्या मारत होती. "मागे व्हा, हरामखोरांनो! मागे व्हा!" एका गाईनं मान झटकली तसं शिंग लागून केरीचा ओठ फाटला. मी धावले. तिनं माझा हात झिडकारला.

"हे डेलला कळलं तर मी तुझा जीव घेईन, डॉक."

मग रक्त थुंकून तिनं नळी उचलली आणि मागच्या वासरांकडे नेली.