बापूच्या हातावरची शीर

मुलांनो, उद्या भाऊबीज. बापूआजोबांना ओवाळलं का, असं तुम्ही फोनवर विचाराल, म्हणून आजच लिहिते.

आज माझा हा धाकटा भाऊ माझ्यासाठी मोसंबी सोलत बसला होता, तेव्हा त्याच्या कोपराजवळची ठसठशीत शीर दिसली. माझ्या हृदयाच्या ऑपरेशनला "ताई, रक्त मीच देणार" म्हणाला होता. त्या सकाळी त्याचा फोन बंद होता. डॉक्टरांनी आधीच औषधांनी माझं रक्त वाढवलं होतं, आणि ऑपरेशनमध्ये वाहिलेलं यंत्राने धुऊन मलाच परत दिलं.

"शेवटी लागलंच नाही ना, ताई?" बापू हसला.

लागलं नाही, हे खरं. पण स्ट्रेचर आत नेईपर्यंत मी दाराकडे बघत होते.

उद्या ओवाळीन की नाही, माहीत नाही. अंगात रक्त आहे, आणि ते माझंच आहे.