मशीन, माळ आणि ओवीचे पाय

गुरुवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी हे सगळं सुरू झालं. वेळ पक्की सांगते, कारण सात दहाला यांची कंपनीची बस फाट्यावर येते. बस गेली आणि मागं माळावरून मशीन ओरडलं. त्याला आता वर्ष होईल. तेव्हापासून भाऊजींच्या पत्र्याच्या डब्यात जेवढे गंजके खिळे साठलेत, तेवढेच आमच्या घरात किस्से साठलेत. खिळे निदान भंगारवाला नेतो. किस्से कोण नेणार? म्हणून लिहून काढते.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर, विलास. सहा वर्षं कोकणात, समुद्रावरच्या एका रिसॉर्टला कामाला होते. पर्यटकांच्या अंगठ्या, पैंजणं, गाडीच्या चाव्या वाळूत पडायच्या आणि भाऊजी मेटल डिटेक्टर फिरवून शोधून द्यायचे. रिसॉर्ट बंद पडलं, तेव्हा मालकानं मशीन त्यांनाच देऊन टाकलं. ते घेऊन भाऊजी गावी आले, शिरूर आणि दौंडच्या मधे, भीमेच्या अलीकडं.

"वहिनी, वाळूत लोकांचं कालचं हरवलेलं सापडतं," ते म्हणाले. "आपल्या माळावर जुनं सापडंल. भाल्याचं टोक, तलवारीची मूठ! तहसीलला नेऊन दाखवायचं, पेपरात फोटो येतो."

फोटो अजून आलेला नाही.

*

समुद्रावर चप्पल काढून चालायची सवय. भाऊजी माळावरही अनवाणीच गेले. पाऊण तासात लंगडत परत! सासूबाई सेफ्टी पिन घेऊन त्यांच्या तळव्यातले बाभळीचे काटे काढत बसल्या.

मी आतून विचारलं, "काय सापडलं का भाऊजींना?"

"सतरा!" सासूबाई म्हणाल्या.

*

वाळूत मशीन ओरडलं म्हणजे खाली वस्तू असतेच. आमच्याकडं दगडच ओरडतो. काळ्या खडकात लोखंडाचा अंश असतो म्हणे. हे कळायच्या आधी भाऊजींनी ओढ्याकडेचा एक धोंडा तीन दिवस फोडला. वाळू चाळायचा जाळीचा मोठा झारा त्यांनी मुरमात घातला, तो वाकला. आता सासूबाई त्यात मटकी निथळत ठेवतात.

तिसऱ्या दिवशी आप्पा तिथं आले. आप्पा माझे चुलत सासरे, मोठे बागायतदार. सोसायटीत त्यांच्या शब्दाला वजन आहे.

"इलास, धोंड्यात काय हाय रं?"

"आप्पा, मशीन ओरडतंय."

"आमची म्हातारी बी दिसभर ओरडती. तिला कवा खणलं न्हाई आम्ही!"

*

इथवर सगळं हसण्यावारी होतं. पुढच्याच आठवड्यात भाऊजींना बैलाच्या खुराची एक जुनी नाल सापडली. तिला ओरखडा पडू नये म्हणून त्यांनी ती टॉवेलात गुंडाळली आणि लहान बाळ धरतात तशी दोन्ही हातांत धरून भर गावातून घरी आणली. नाल कुणी बघितली नाही. टॉवेल सगळ्यांनी बघितला.

दुपारी चारला शिक्रापूरहून माझ्या वहिनीचा फोन. तिकडं खोल्यांमधे कंपनीची माणसं राहतात, तिथपर्यंत बातमी पोचली होती.

"ताई, हंडा सापडला म्हणं तुमास्नी?"

"नाल आहे गं. बैलाची."

"व्हय व्हय," ती म्हणाली, "फोनवर नको बोलू."

माझी काळजी तिथून सुरू झाली. घरात माझी तीन वर्षांची लेक, ओवी. हे दिवसभर कंपनीत. मी दाराला आतून दुसरी कडी बसवून घेतली. ती कडी बघून शेजारच्या मंदाबाई म्हणाल्या, "आता तर खरंच असंल!"

*

मला काळजी करायला निमित्त लागत नाही, हे आमच्या घरी सगळ्यांना माहीत आहे. एकदा ओवी त्या खिळ्यांच्या डब्याशेजारी बसून काहीतरी चघळत होती. "तोंड उघड" म्हटलं तर तिनं ओठ घट्ट मिटले. मी डबा उपडा केला. पण खिळे आधी मोजलेले कुठं होते?

भाऊजी म्हणाले, "वहिनी, मशीन लावून बघू?"

ओवीला खाटेवर झोपवलं. पोटावरून मशीन फिरवलं. कर्रर्र! मी रडायलाच लागले. कमरेची चांदीची साखळी काढली. कर्रर्र! पायातले वाळे काढले. कर्रर्र! फ्रॉकला हूक होता, फ्रॉक काढला. तरी कर्रर्र! मी यांना फोन लावला, रिक्षा बोलवा म्हणून ओरडले.

सासूबाई दारातून म्हणाल्या, "आरं इलास, खाट लोखंडाची हाय ना!"

तेवढ्यात ओवीनं तोंड उघडलं. शेंगदाणा होता.

पण खिडकीत मंदाबाई उभ्या होत्या. त्यांनी बघितलं ते एवढंच, की उघडी पोर खाटेवर झोपवलीय आणि दीर तिच्या अंगावरून मशीन फिरवतोय. संध्याकाळी गिरणीत त्यांनी विचारलं, "पोरीला कशाला मशीन लावलं ओ?"

सासूबाई सरळ बाई. खिळ्याचं सांगायचं सोडून कुठून कुठं गेल्या कोण जाणे. बोलता बोलता म्हणाल्या, "आमची ओवी पोटात उलटी व्हती, तवापास्नं हिची आई अशीच भित्री!"

झालं! पायाळू म्हणजे जन्मताना ज्याचे आधी पाय बाहेर येतात ते माणूस. पायाळूला जमिनीतलं धन दिसतं, पाणी दिसतं, असं आमच्याकडं अजून मानतात. घरात मशीन, घरात टॉवेल, आता घरात पायाळू पोर. गावाचा हिशेब जुळला. आणि असल्या कामासाठी लोक मुलं मागतात, नेतात, पुढं काय काय करतात, ते मी वाचलेलं आहे. त्या दिवसापासून ओवीला अंगणातही एकटी सोडलं नाही.

*

फक्त एक अडचण होती. ओवी सिझरची! मग ती पायाळू धरायची का नाही? पारावर तीन दिवस यावर बोलणं चाललं.

"सोनोग्राफीत उलटी व्हती, म्हंजी पायाळूच."

"आरं, प्वाट कापल्यावर दारच बदललं की! कशी धरणार?"

शेवटी आप्पांनी मला बोलावून घेतलं. मी पदर सावरून दाराशी उभी.

"सूनबाई, डाक्टरनं आदी काय धरलं? डोकं का पाय?"

"आप्पा, मधे हिरवा पडदा होता."

"पडद्याच्या पल्याड कोण व्हतं?"

"डॉक्टरीणबाई."

आप्पा म्हणाले, "मग त्यांनाच इचारावं लागंल."

आणि गेले की! दवाखान्यात नंबर लावला, दीड तास बायकांच्या रांगेत बसले. डॉक्टरीणबाईंनी त्यांचं सगळं ऐकून घेतलं, बीपी तपासलं आणि मीठ बंद करायला सांगून परत पाठवलं.

*

शेवटचा किस्सा खुटबावचा. आप्पांचे व्याही तिकडं असतात. त्यांची एक खडकाळ पट्टी आहे, तिच्यात काहीतरी पुरलेलं आहे असं त्यांच्या घरात वर्षानुवर्षं बोलतात. एका सोमवारी सकाळी अकराला ते आप्पांना घेऊन आमच्या दारात. हातात नारळ, हळदीकुंकू आणि ओवीला नवा फ्रॉक.

"पोरीला नुसती येक फेरी मारू द्या रानात. दुसरं काय न्हाई."

हे कामावर. भाऊजी म्हणाले, "मशीन आणतो मी, पोरगी कशाला?"

"मशीन तर हायेच," व्याही म्हणाले, "पर पायाळू पायजे."

आप्पांना तोंडावर नाही म्हणायची आमच्यात पद्धत नाही. मी ओवीला कडेवर घट्ट धरलं. माझ्या तोंडून निघून गेलं, "ओवी नाही. पायाळू मी आहे."

मी सासूबाईंकडं बघायचं टाळलं.

सासूबाई म्हणाल्या, "व्हय. हिच्या आईनं लग्नातच सांगितलं व्हतं. म्हनून तर केली!"

ओवीला त्यांच्याजवळ ठेवून मी जीपमधे बसले. खुटबावला पोचले तेव्हा ऊन चांगलंच तापलं होतं. व्याह्यांनी नारळ फोडला आणि मला पुढं घातलं. मागं भाऊजी मशीन घेऊन, त्यांच्या मागं आप्पा, व्याही, आणि टिकाव-फावडी घेतलेले दोन गडी. मशीन दर दगडाला ओरडत होतं. कुठं थांबायचं मला काहीच माहीत नव्हतं. मनात फक्त ओवी. दार कोण वाजवेल, सासूबाई दुसरी कडी लावतील का?

बांधाच्या अलीकडं माझ्या चपलेचा अंगठा तुटला. मी थांबले.

भाऊजींनी माझ्या पुढ्यातल्या जमिनीवर मशीन फिरवलं. मशीन गप्प! इकडून तिकडं, तिकडून इकडं, चूंसुद्धा नाही.

व्याह्यांनी हात जोडले. "सगळीकडं ओरडतंय आन् हितंच गप? म्हंजी हितंच हाय!"

गड्यांनी खणायला घेतलं. जमीन मऊ लागली, तसा सगळ्यांना जोर चढला. कमरेएवढा खड्डा झाला. टिकावाचा एक घाव बसला, आणि दोन पुरुष उंच पाण्याचा फवारा उडाला! नारळ, हळदीकुंकू, भाऊजींचं मशीन, सगळं भिजलं. पलीकडच्या रानातून एक माणूस ओरडत पळत आला, "आरं माझी पाइपलाइन!" भरलेली माती आणि खाली प्लास्टिकचा पाइप, मशीन ओरडणार कशाला?

आप्पांनी चष्मा काढला, धोतराला पुसला, परत घातला. फवाऱ्याकडं खालपासून वरपर्यंत बघितलं.

"सूनबाई," ते म्हणाले, "पाणी लागलं!"

तेव्हापासून आठवड्याला एखादा तरी माणूस बोअरचा पॉइंट दाखवा म्हणून माझ्याकडं येतो. मी जाते. एक चक्कर मारते, थकले की थांबते. माझ्याकडं येतात तोवर ओवीकडं कुणी येत नाही. तेव्हा माझ्याबद्दल कुणी काय बोललं तर बोलू द्या. पण ओवीचा विषय निघाला तर एवढं नक्की सांगा, आणि ऐकणाऱ्यालाही पुढं सांगायला सांगा: सिझरचं मूल पायाळू धरत नाहीत!