ताईच्या गिटारमागचं हमिंग

माझ्या थोरल्या बहिणीचा कान असा होता की टायपिंगच्या क्लासात पाठमोरी बसूनही ती सांगायची, तिसऱ्या मशीनवर कुणाचं तरी बोट चुकलं. ती तिथं शिकवायला होती. दर रविवारी सकाळी नाशिकरोडला एका मास्तरांकडे स्वतः शिकायला जायची, हवाईयन गिटार. ही गिटार मांडीवर आडवी ठेवतात आणि तारांवरून पोलादी कांडी फिरवतात. सूर गळ्यातून निघाल्यासारखा घसरत येतो. कॉलनीत जयंतीच्या कार्यक्रमात ताई वाजवायला बसली की मागच्या रांगेतल्या बायकाही बोलायच्या थांबत.

मी आयटीआयला रेडिओ-टीव्हीचा ट्रेड करून अंबडच्या एका कारखान्यात लागलो होतो. सत्त्याण्णव साल असेल. ताईची तक्रार अशी की मंडपवाल्याच्या अँप्लिफायरमधून गिटार पत्र्यावर वाजवल्यासारखी ऐकू येते. मास्तरांकडे जुन्या रेडिओंसारखा, तापणाऱ्या काचेच्या व्हॉल्व्हचा सेट होता आणि त्याचा आवाज तिच्या मनात बसला होता.

"तसा गोल आवाज हवाय मला," ती म्हणाली. "तुला जमेल?"

व्हॉल्व्हबद्दल मला पुस्तकातलंच काय ते ठाऊक होतं, पण नाही म्हणवलं नाही. भद्रकालीतल्या एका बंद पडत आलेल्या रेडिओच्या दुकानात व्हॉल्व्ह आणि ट्रान्सफॉर्मर मिळाले. अ‍ॅल्युमिनियमची पेटी कारखान्यातल्या फिटरनं वाकवून दिली. दोन महिने खपून मी प्रीअँप तयार केला. गिटार आणि अँप्लिफायर यांच्या मधे बसणारा, गिटारचा बारीकसा सिग्नल उचलून धरणारा डबा. एका रविवारी दुपारी तो मंडपवाल्याकडून विकत घेतलेल्या जुन्या अँप्लिफायरला जोडून चालू केला. व्हॉल्व्ह हळूहळू केशरी झाले आणि गिटारला हात लागण्याआधीच खोलीत घूंऽऽ असा आवाज भरला. हमिंग.

मी गिटारची वायर काढली. आवाज तसाच. म्हणजे दोष गिटारमध्ये नव्हता, माझ्या डब्यात होता. माझं तोंड पडलं. ताईनं मात्र डोळे मिटले होते.

"हा एक आवाज नाही," ती म्हणाली. "दोन आहेत. एक खालचा, मऊ. दुसरा बरोबर त्याच्या वरच्या सप्तकात. तो करकरतोय."

मी तिच्याकडे बघतच राहिलो. आपली वीज पन्नास सायकलची, म्हणजे सेकंदाला पन्नास हेलकाव्यांची. ती थेट कुठून शिरली तर खालचा सूर घुमतो. आणि विजेचं डीसी करून गाळणारा कंडेन्सर कमजोर असेल तर त्याच्या दुप्पट, म्हणजे वरच्या सप्तकातला. मीटर न लावता तिनं दोन वेगवेगळे दोष सांगितले होते, आणि त्यातलं काहीच तिला माहीत नव्हतं.

मी जुना कंडेन्सर बदलला. करकर गेली. खालचा आवाज जाईना. व्हॉल्व्ह तापवणाऱ्या वायरींना वेणीसारखा पीळ घातला, त्या पेटीच्या कडेनं नेल्या. थोडा फरक पडला. मग वाटलं, ट्रान्सफॉर्मरच जवळच्या तारांमध्ये आपला सूर पेरत असणार. त्याचे स्क्रू ढिले केले आणि कोरड्या लाकडी पट्टीनं त्याला एकेक रेघ फिरवत गेलो.

"थांब. अजून थोडा. नाही, पुढे गेलास. मागे ये."

आई चहा घेऊन दारात आली, तर ताईनं हातानंच तिला थांबवलं.

"आता," ती म्हणाली. "आता हलवू नकोस."

खोली एकदम रिकामी झाली. त्या रिकामेपणात तिनं पहिला सूर लावला. मी नंतर बऱ्याच यंत्रांची दुरुस्ती केली, पण काम झाल्याचं तसं सुख पुन्हा फारसं मिळालं नाही.

पुढच्या वर्षी तिचं लग्न झालं. दाजी नामपूरला शाळेत शिक्षक, घरची कांद्याची थोडी शेती. गिटार, अँप्लिफायर आणि डबा आईनं गाद्यांच्या घडीत ठेवून टेंपोत चढवला. लग्नाची रजा संपवून मी कारखान्यात परत रुजू झालो. तिथं मोठाले ट्रान्सफॉर्मर दिवसभर घुमायचे. आधी कधी लक्ष गेलं नव्हतं. आता प्रत्येकाजवळ उभा राहिलो की मनात यायचं, ताईनं ह्यात किती आवाज ऐकले असते? घरी फोन यायचा, तेव्हा पाऊस, बाजारभाव, भाचीचे दात असंच बोलणं व्हायचं. गिटारचं मी विचारत नसे. वाजवतच असेल, असं धरून चाललो होतो.

अशी चार वर्षं गेल्यावर तिचा फोन आला. "अरे, तो डबा ओरडतोय. आणि तारांना हात लावला की झिणझिण्या येतात."

"हात लावू नकोस. पिन काढून ठेव. मी येतो."

शनिवारी सुट्टी टाकून सकाळच्या एसटीनं निघालो, सटाण्याला गाडी बदलली. घरी पोचल्यावर पहिल्यांदा भिंतीवरचं सॉकेट उघडलं. तीन भोकांचं होतं, पण तिसऱ्याच्या मागे वायरच नव्हती. घराला अर्थिंगच नव्हतं. डब्याच्या पत्र्यावर चोरटी वीज साचत होती आणि तीच तारांमधून तिच्या बोटांत उतरत होती.

दाजी म्हणाले, "सांगा, काय करायचं?"

मागच्या अंगणात आम्ही दोघांनी कंबरभर खड्डा खणला. तांब्याची पट्टी उभी केली, भोवती कोळसा आणि मिठाचे थर दिले. ताईच्या सासूबाई ओट्यावर बसून बघत होत्या.

"एवढं मीठ मातीमा?" त्या अहिराणीत म्हणाल्या. "हाई काय शे?"

"गिटारसाठी आहे, आई," ताई म्हणाली. त्यांनी मान डोलावली, उठल्या आणि स्वतः बादलीभर पाणी आणून खड्ड्यात ओतलं.

वायर जोडून होते न होते तोच लोडशेडिंग सुरू झालं. चारला येणार होती वीज. दाजी शेतावर गेले. आम्ही दोघं सावलीत बसलो.

"इतके दिवस झिणझिण्या येत होत्या आणि आता सांगतेस?" मी म्हणालो.

ती म्हणाली, "आधी येतच नव्हत्या. गेल्या आठवड्यात गिटार पहिल्यांदा काढली."

"चार वर्षांत?"

"सुरुवातीला घर नवं होतं. कुणी नको म्हटलं नाही हं. मग ही पोरगी झाली. नंतर गाद्या काढताना दिसायची, तेव्हा वाटायचं, आता बोटं हसतील आपल्याला. आणि तिकडे कसं, मी वाजवायला बसले की तू समोर स्क्रूड्रायव्हर घेऊन असायचास."

मी अंगणातली माती पायानं दाबत राहिलो.

चारला वीज आली. व्हॉल्व्ह तापले. हमिंग नाही. ताईनं तारांना आधी बोटाची मागची बाजू लावून पाहिली, मग कांडी ठेवली. सूर दोनदा घसरून भलतीकडे गेला. तिसऱ्यांदा तिनं तो पकडला. भाची मांडीवर चढायला बघत होती, तिला सासूबाईंनी उचललं. "आत्ते चांगली वाजस," त्या मला म्हणाल्या, जणू दुरुस्ती त्यांनीच केली होती.

त्यानंतर ती अधूनमधून वाजवायची. फोनवर सांगायची. दोन हजार आठच्या सुमारास एक व्हॉल्व्ह गेला. भद्रकालीतल्या त्या दुकानात तोवर मोबाईलची कव्हरं लटकत होती. मी म्हणालो, मुंबईहून मागवतो.

"राहू दे रे," ती म्हणाली. "व्हॉल्व्हचं नंतर बघू. तू ये."

जाईजाईपर्यंत तीन महिने गेले. कांदा काढणीचे दिवस होते, घरात माणसांची ये-जा. भाचीची परीक्षा, आईचे गुडघे, सगळं बोलून झालं. गिटार कपाटावर चादरीत गुंडाळलेली दिसत होती. व्हॉल्व्हशिवायही ती अँप्लिफायरला जोडता आली असती, आवाज थोडा पत्र्यासारखा आला असता इतकंच. मला म्हणायचं होतं, ताई, वाजव. पण ती मजुरांसाठी भाकरी थापत होती आणि माझी एसटी दीडची होती. मी पिशवी उचलली. ती फाट्यापर्यंत सोडायला आली, हाताचं पीठ पदराला पुसत.