गावात अशी एकच बाई

सकाळी शबानाचा फोन आला. "ताई, अम्मी गेली..." एवढंच बोलली ती. पहाटेची, फजरची नमाज पढून रजिया आपा बसल्या जागी गेल्या होत्या. त्यांच्या गावी, सास्तूरला पोचेपर्यंत माझा विश्वास बसला नाही. त्याला आता महिना होईल.

आमच्या संस्थेच्या सर्वेक्षणांसाठी आपा लोहारा तालुका पालथा घालायच्या. घरातल्या मारहाणीबद्दलची पाहणी होती, तेव्हा बायका बोलल्या त्या आपांशीच, कारण आपा आधी शब्द द्यायच्या, "तुझं नाव माझ्या तोंडातून बाहेर पडणार न्हाय." अहवाल मी लिहिला. एका बाईची हकिकत सविस्तर घेतली, नाव अर्थातच वगळलं. धाराशिवला प्रकाशन दोन दिवसांवर आलं, छापलेल्या प्रती आल्या आणि आपांनी एका पानावर बोट ठेवलं.

"ही बाई सापडती."

"आपा, नाव कुठंय त्यात?"

"नाव कशाला पायजे? कन्नड बोलणारी, पिठाची गिरणी चालवणारी, नवरा ड्रायव्हर... गावात अशी एकच हाय. उद्या तिच्या घरात कुणी हे वाचलं, तर मार कोण खाईल? तू का मी?"

(हे तपशील मी इथं बदललेत. तेवढं आपांनी शिकवलंय.)

मला राग आला. माझ्या लेखी तेच पान अहवालाचा जीव होतं. प्रमुखही म्हणाले, आता फार उशीर झालाय. आपा शांतपणे म्हणाल्या, "मग परवा मंचावर येऊन मी सांगते, की म्या शब्द मोडला." दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे ते पान कापून नवं चिकटवत बसलो.

प्रकाशनाला शेवटच्या रांगेत त्या बाईचा दीर येऊन बसला होता. आपांनी नजरेनं मला दाखवला. बोट फिरवत त्यानं पान न् पान चाळलं... मग प्रत खुर्चीवर टाकून निघून गेला. आपा म्हणाल्या, "चल, भाषणं सुरू व्हायलीत."

आता आमच्याकडं रिवाजच पडलाय. छापायच्या आधी एकानं त्या गावचं, त्या घरचं माणूस होऊन अहवाल वाचायचा. आम्ही त्याला 'आपाचं वाचन' म्हणतो. गेल्या आठवड्यात ते पहिल्यांदाच आपांशिवाय झालं. खिडकीजवळच्या त्यांच्या खुर्चीत मी बसले, सासूच्या नजरेनं वाचू लागले. एका पानावर थांबले आणि एक ओळ खोडली.

कुठली, ते लिहीत नाही.