वेंकूबाईंची फुंकर

न्यूमोनिया तंजावरच्या वेंकूबाईंना सोडून गेला. धाप मात्र आगंतुक पाहुणीसारखी मुक्काम ठोकून बसली. चेन्नईचा मुलगा गिरीश म्हणाला, "महिनाभरात ही धाप नाही गेली तर तू माझ्याकडे यायचंस. कायमचं." चेन्नईच्या घरात सगळं होतं, फक्त दार उघडल्यावर बोलायला शेजारपाजार नव्हता.

डॉक्टरांनी रोज सावकाश, लांब फुंकर मारायला सांगितलं होतं. पण वेंकूबाईंना ते पटेना. "निखारा नाही, गरम कापी नाही, उगाच कशावर फुंकायचं?"

तेवढ्यात नात विनुता सुट्टीला आली, बुडबुड्यांची बंदूक घेऊन. चाप ओढला की घुर्र आवाज आणि अंगणभर फुगे.

"आणि फुंकतं कोण गं?"

"बॅटरी, पाट्टी," विनुता आजीला तमिळमध्ये म्हणाली.

"अय्यो! मग तोंड नुसतं इडली खायला का?"

वेंकूबाईंच्या लहानपणी फुगे उडवायला रिठ्याचं पाणी आणि पपईच्या पानाचा पोकळ देठ असायचा. गिरीशच्या वेळेला जत्रेतली साबणाची बाटली आली, काडीला कडं असलेली. पण त्याहून जुना, आणि फुकटातला, कालव्याकाठचा मोगली एरंड. देठ अर्धा मोडून वाकवला की मोडलेल्या जागी चिकाचा पातळ पडदा धरतो. चीक ओठांना न लावता लांबूनच हलकी फुंकर घालायची. घाई केली की फट्!

विनुताला दाखवायला म्हणून आजी कालव्यावर गेल्या आणि रोजच जाऊ लागल्या. पहिल्या दिवशी नुसतं फट्. मग लिंबाएवढा. मग एके सकाळी चांगला मोसंब्याएवढा फुगा पाण्यावरून रंग उधळत गेला.

महिना भरला. गिरीश आला, तो सामान बांधायच्या तयारीनेच. त्याला कालव्यावर नेऊन वेंकूबाईंनी एक फुगा सोडला.

"यात काय मोठं?" म्हणत त्याने देठ घेतला. फट्. दुसरा. फट्. चौथ्या देठाला तो धापा टाकत बांधावर बसला.

"घरी जिना चढतोस कां रे?"

"लिफ्ट आहे, आई."

दुपारी डॉक्टरांनी वेंकूबाईंची छाती तपासली. "छान आहे. कुठे हलवायची गरज नाही." मग गिरीशकडे बघून त्यांनी पुन्हा स्टेथोस्कोप कानाला लावला.

बाहेर आल्यावर वेंकूबाई म्हणाल्या, "गिरीशा, तूच राहा हो इथे चार दिवस."